नत्राची मात्रा आणि ढोबळी मिरची : एका प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

ढोबळी मिरचीची वाढ व उत्पादन यांवर नत्रखताच्या वाढत्या मात्रांचा काय परिणाम होतो, हा कृषी व वनस्पतिशास्त्र विभागांतील संशोधनाचा परिचित विषय आहे. प्रस्तुत लेखात अशा एखाद्या चाचणीचे निष्कर्ष मांडलेले नसून ‘हेक्टरी किती किलो नत्र?’ हा प्रश्न या रूपात आपल्यापर्यंत कसा आला, याचा इतिहास पाहिला आहे. या प्रश्नाची घडण गहू व इतर धान्यपिकांच्या प्रयोगांत, खताच्या जागतिक व्यापारात आणि स्वतंत्र भारताच्या अन्नधान्य व किंमत धोरणात झाली. फळ हेच ज्याचे उत्पादन आहे अशा भाजीपाला पिकाच्या गरजा त्यात दुय्यम राहिल्या. नत्राची वेळ, रूप आणि इतर अन्नद्रव्यांशी असलेले त्याचे प्रमाण यांविषयीचे ज्ञान उपलब्ध असूनही मात्रेचा आकडाच प्रधान का ठरला, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : नत्रखत, ढोबळी मिरची, खतचाचणी, रॉथमस्टेड, इंदूर पद्धती, युरिया, ठिबक सिंचन.

१. प्रस्तावना

भाजीपाला पिकांवरील खतचाचण्यांचे प्रबंध वा लेख चाळले असता एक ठरावीक मांडणी दृष्टीस पडते. एका वाफ्यास नत्र अजिबात दिलेले नसते, पुढील वाफ्यांस ते पायरीपायरीने वाढवून दिलेले असते, आणि प्रत्येक वाफ्यातील झाडाची उंची, फांद्यांची व फळांची संख्या, फळाचे वजन आणि हेक्टरी उत्पादन यांचे कोष्टक दिलेले असते. ढोबळी मिरचीच्या बाबतीत या कोष्टकांतून सामान्यतः एकच चित्र उभे राहते. नत्र वाढवीत गेल्यास झाडाची उंची व पाने वाढत राहतात. फळांचे उत्पादन मात्र एका मर्यादेपर्यंत वाढते, पुढे स्थिरावते आणि कधी कधी घटू लागते. त्या मर्यादेजवळचा आकडा ‘शिफारस’ म्हणून नोंदविला जातो.

ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला काही पूर्वेतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. शून्य खताचा वाफा प्रथम कोणी राखला? नत्र पायरीपायरीने वाढविण्याची रीत कोणत्या पिकावर सुरू झाली? उत्पादनाची कमाल म्हणजेच शिफारस, हे समीकरण केव्हा रूढ झाले? हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. शेतकरी मिरचीच्या सरीत टाकतो ते खत, विहिरीच्या पाण्यात उतरणारे नायट्रेट आणि सरकारी तिजोरीतून दिले जाणारे अनुदान या तिन्हींचा संबंध त्या एका आकड्याशी आहे. म्हणून त्या आकड्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. मिरचीचे मूळ घर

मिरचीची ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ ही जाती मेक्सिकोच्या प्रदेशात माणसाळविली गेली, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत व्यापक एकमत आहे. ढोबळी मिरची त्याच जातीची आहे. कॅप्सेसिन हे तिखटपणाचे द्रव्य तयार करणारे जनुक तिच्यात निष्क्रिय असल्यामुळे ती गोडसर लागते. मूळ प्रदेशात मिरचीस मिळणारे नत्र दोन प्रकारचे होते. कोरडवाहू शेतात मका, घेवडा व भोपळा यांच्या सोबतीने ती वाढे आणि घेवड्याच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्राचा पुरवठा होई. मेक्सिकोच्या खोऱ्यातील सरोवरांत ‘चिनाम्पा’ नावाचे उंच वाफे रचले जात. त्यांवर कालव्यातील गाळ व पाणवनस्पती पसरल्या जात. दोन्ही पद्धतींत नत्र सेंद्रिय पदार्थांतून, कुजण्याच्या गतीने, हळूहळू सुटे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तिखट मिरची गोव्यात आली आणि दख्खनच्या शेतीत अल्पावधीत अशी मुरली, की ती परकी आहे हे स्मरणातूनही गेले. येथेही तिला मिळणारे नत्र संथ गतीचेच होते : उकिरड्यातील शेणखत, पेंड, राखेसह गावचा केरकचरा, आणि धनगरांचे कळप शेतात बसवून मिळणारे लेंडीखत. मेंढ्या बसविण्याच्या मोबदल्यात धान्य देण्याची चाल दख्खनमध्ये दीर्घकाळ चालत आली आहे. खताला बाजारभाव असतो, ही जाणीव या चालीतही होती. फरक इतकाच, की ते खत किलोने मोजले जात नव्हते.

३. शून्य खताचा वाफा

नत्र मोजून देण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील युरोपात घडली. १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने शेतीच्या रसायनशास्त्रावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतीस जमिनीतून खनिज द्रव्ये द्यावी लागतात, नत्र मात्र ती हवेतील अमोनियापासून पुरेसे मिळवू शकते, अशी त्याची भूमिका पुढे दृढ होत गेली. इंग्लंडमधील जमीनदार जॉन बेनेट लॉज आणि त्याचा सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना ही भूमिका मान्य नव्हती. त्यांनी रॉथमस्टेड येथील ब्रॉडबाल्क या शेतात १८४३ च्या हिवाळी हंगामात गव्हाचा प्रयोग सुरू केला. एका पट्ट्यास कोणतेही खत नाही, एकास शेणखत, इतरांस खनिज क्षार व अमोनियम क्षार निरनिराळ्या प्रमाणांत, अशी त्याची रचना होती. नत्राच्या पायऱ्या आजच्या परिमाणात हेक्टरी ४८, ९६ आणि १४४ किलो अशा होत्या. आपल्याकडील चाचण्यांत वारंवार दिसणाऱ्या ५०, १०० व १५० किलोंच्या पायऱ्यांशी त्यांचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे.

हा प्रयोग आजही चालू आहे. त्याने लीबिगचे नत्रविषयक मत खोडून काढले आणि धान्यपिकाला नत्र दिल्यास उत्पादन वाढते हे निर्विवाद सिद्ध केले. हवेतील नत्र थेट वापरण्याची क्षमता शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंत असते, हे हेल्रीगेल व विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात दाखविले तेव्हा या वादावर पडदा पडला. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर याच रॉथमस्टेड केंद्रात दाखल झाला. वर्षानुवर्षांच्या नोंदींचे विश्लेषण करताना आणि नव्या चाचण्यांची आखणी करताना यादृच्छिकीकरण व प्रचरण विश्लेषण या पद्धती त्याने विकसित केल्या. त्याचे संख्याशास्त्रीय पद्धतींवरील पुस्तक १९२५ साली निघाले. अशा रीतीने आजच्या खतचाचणीचे प्रमुख घटक, म्हणजे शून्य वाफा, वाढत्या पायऱ्या आणि संख्याशास्त्रीय कसोटी, एकाच केंद्रात व मुख्यतः धान्यपिकांच्या संदर्भात आकारास आले.

४. बेटांवरील खतापासून हवेतील खतापर्यंत

नत्राची उपयुक्तता सिद्ध झाल्यावर ते आणायचे कोठून, हा प्रश्न उभा राहिला. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे प्रचंड थर साचलेले होते. अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नमुने युरोपात नेले आणि १८४० नंतर या ग्वानोचा मोठा व्यापार सुरू झाला. तो खणण्यासाठी चीनमधून करारबद्ध मजूर आणण्यात आले आणि त्यांचे अतोनात हाल झाले. अमेरिकेने १८५६ मध्ये ग्वानो असलेली निर्जन बेटे ताब्यात घेण्याचा कायदाच केला. ग्वानोचे साठे ओसरू लागल्यावर आटाकामा वाळवंटातील सोडियम नायट्रेट पुढे आले. त्या प्रदेशाच्या मालकीवरून चिलीचे पेरू व बोलिव्हिया यांच्याशी १८७९ ते १८८४ या काळात युद्ध झाले.

या साठ्यांनाही अंत आहे, हे ओळखून ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष सर विल्यम क्रुक्स याने १८९८ मध्ये ब्रिस्टल येथील भाषणात इशारा दिला, की हवेतील नत्र बांधण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी शोधला नाही तर गहू खाणाऱ्या जगाला टंचाईस तोंड द्यावे लागेल. समस्या गव्हाची म्हणून मांडली गेली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अकरा वर्षांनी, जुलै १९०९ मध्ये, फ्रिट्झ हाबरने कार्ल्सरूह येथे उच्च दाबाखाली नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉशने त्या प्रयोगाचे कारखान्यात रूपांतर केले आणि १९१३ च्या सप्टेंबरमध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि हा अमोनिया स्फोटकांच्या निर्मितीकडे वळला. याच ओप्पाऊ कारखान्यातील खताच्या साठ्याचा २१ सप्टेंबर १९२१ रोजी स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढील काळात मात्र हवेपासून बनविलेले नत्र शेतीचे प्रमुख खत ठरले, आणि त्याबरोबर खत ही जमिनीतून वा गोठ्यातून येणारी वस्तू न राहता कारखान्यातून येणारी वस्तू झाली.

५. भाजीपाल्याने शिकविलेला निराळा धडा

धान्यपिकात नत्राच्या अतिरेकाची मर्यादा उघड दिसते : पीक उंच वाढून लोळते. फळभाजीत ती मर्यादा अधिक सूक्ष्म असते. १९१८ साली अमेरिकेतील ओरेगन कृषी महाविद्यालयातून क्राउस आणि क्रेबिल यांचे टोमॅटोवरील संशोधन प्रसिद्ध झाले. झाडाला नायट्रेट भरपूर मिळाले, पण त्या मानाने कर्बोदकांचा साठा कमी राहिला, तर झाड जोमाने वाढते आणि फळ मात्र धरत नाही. दोन्हींचा मेळ बसल्यास ते वाढते आणि फळतेही. नत्र फार कमी पडल्यास वाढ व फळधारणा दोन्ही खुंटतात, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. कर्बोदके व नत्र यांचे गुणोत्तर हेच फलनाचे एकमेव कारण आहे, ही समजूत पुढील संशोधनात टिकली नाही. तथापि शाकीय वाढ आणि फळधारणा या दोन वेगळ्या गोष्टी असून नत्र त्यांच्यावर वेगवेगळा परिणाम करते, हा त्यांचा मुख्य मुद्दा अबाधित राहिला.

टोमॅटोच्याच कुळातील मिरचीवर कॉर्नेल विद्यापीठात एच. एल. कॉकरन याने काम केले. मिरचीची वाढ व फळधारणा यांवर परिणाम करणाऱ्या घटकांविषयीचा त्याचा प्रबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. नत्राचा विचार त्याने एकट्याने केला नाही. तापमान व जमिनीतील ओलावा यांच्या जोडीने केला. तीव्र उष्णतेत मिरचीची फुले गळतात, हे त्याच्या निरीक्षणांतून ठळकपणे पुढे आले. यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. फुलगळ उष्णतेमुळे होत असेल, तर नत्राचा आणखी एक हप्ता देऊन ती थांबणार नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात दख्खनवर लावलेली ढोबळी मिरची आणि हिवाळ्यातील ढोबळी मिरची यांना एकच मात्रा लागू करणे म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

ढोबळी मिरचीच्या नत्रविषयक वर्तनाबद्दल आज सर्वमान्य असलेल्या बाबी थोडक्यात नोंदविणे इष्ट होईल. नत्र कमी पडल्यास पाने फिकट होतात, झाड खुजे राहते आणि पानांची सावली पुरेशी नसल्याने फळांवर उन्हाचे चट्टे पडतात. म्हणजे नत्र वाचविणे हाही उपाय नव्हे. रोपे लावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नत्राची उचल अल्प असते. फळे धरून फुगू लागतात तेव्हा ती सर्वांत जास्त होते. मुळे उथळ असल्यामुळे पाटपाण्याबरोबर नायट्रेट सहज खाली निसटते. नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात राहिल्यास कॅल्शियमची उचल मंदावते आणि फळाचे टोक काळे पडून सडण्याची विकृती वाढते. लुसलुशीत वाढीवर मावा व कोळी यांसारख्या रसशोषक किडींचा उपद्रव वाढतो. शिवाय हे पीक नत्रापेक्षा पालाश अधिक उचलते. फळात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्यामुळे केवळ ताज्या वजनाचे आकडे फळाच्या गुणवत्तेविषयी फारसे काही सांगत नाहीत. या सर्व बाबी ‘किती’ या प्रश्नाइतक्याच ‘केव्हा’, ‘कोणत्या रूपात’ आणि ‘कशाच्या जोडीने’ या प्रश्नांशी निगडित आहेत.

६. भारतीय वाटचाल : शेणखत, इंदूर आणि सिंद्री

भारतात खताचा प्रश्न प्रथम गोठा, रान आणि चूल यांच्या संबंधांतून मांडला गेला. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी डोंगरावरील पालापाचोळ्याचे व प्राण्यांच्या अवशेषांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पुराबरोबर ओढ्यानाल्यांत वाया जाते याकडे लक्ष वेधले आणि ते शेतात मुरावे म्हणून लष्कर व पोलीस खात्यातील रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, अशी सूचना केली. सुपीकतेची हानी आणि राज्यकर्त्यांचे धोरण यांचा इतका थेट संबंध त्या काळी क्वचितच कोणी जोडला असेल. सरकारने पाठविलेला रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर याने देशभर फिरून १८९३ मध्ये अहवाल दिला. भारतीय शेतकरी अडाणी आहे ही समजूत त्याने नाकारली. शेण जाळले जाते ते अज्ञानामुळे नव्हे, तर सरपणाच्या अभावी, असे सांगून सरपण व वैरणीसाठी राखीव राने वाढविण्याची शिफारस त्याने केली.

विसाव्या शतकात या परंपरेचा पुढील टप्पा इंदूर येथे दिसतो. अल्बर्ट हॉवर्ड हा १९०५ पासून पुसा येथे आणि १९२४ पासून इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम करीत होता. काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून व ठरावीक अंतराने उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम कुजलेले खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धती’ तेथे सिद्ध झाली. तिचे विवेचन करणारा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. त्याचे सहलेखक यशवंत वाड हे या कामातील रसायनशास्त्रीय बाजू सांभाळणारे सहकारी होते. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्डचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाडांचे नाव मात्र क्वचितच उच्चारले जाते. काडीकचऱ्यातील कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधले, तरच नत्र वाया न जाता खतात टिकते, हे या पद्धतीचे शास्त्रीय सूत्र होते. म्हणजे येथेही नत्राचा विचार प्रमाणाच्या अंगाने झालेला दिसतो.

विशेष असे, की याच इंदूरच्या संस्थेत पुढे संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे यांनी काम केले. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी मिळून लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. कृषिशाखेत खतचाचणी करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हा ग्रंथ वापरला आहे. कंपोस्टचे शास्त्र आणि चाचणीचे शास्त्र अशा दोन्ही प्रवाहांशी एकाच संस्थेचा आणि मराठी भाषकांचा संबंध आला. व्यवहारात मात्र चाचणीचे शास्त्र रासायनिक खताच्या मात्रांशी अधिक घट्टपणे जोडले गेले आणि कंपोस्टचा विचार बाजूस पडला.

त्याचे कारण अन्नटंचाईत आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने वर्षाला साडेतीन लाख टन अमोनियम सल्फेट देशात तयार करावे, अशी शिफारस केली. त्यातून सिंद्रीचा कारखाना उभा राहिला. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर त्याचे उत्पादन सुरू झाले. दरम्यान ए. बी. स्टुअर्ट याने १९४७ मधील अहवालात संशोधन केंद्रांबरोबरच शेतकऱ्यांच्या शेतांवर साध्या खतचाचण्या घ्याव्यात, असे सुचविले. त्यानुसार देशभर चाचण्यांचे जाळे उभारले गेले. त्यांचा भर स्वाभाविकपणे भात, गहू व ज्वारी यांसारख्या धान्यपिकांवर होता. भुकेलेल्या देशाने धान्याला अग्रक्रम दिला, यात वावगे काही नव्हते. १९६० च्या दशकात बुटक्या गव्हाचे वाण आल्यावर पीक न लोळता अधिक नत्र पचवू लागले, आणि नत्र म्हणजे उत्पादन हे समीकरण शेतकरी, अधिकारी व संशोधक या तिघांच्याही मनात पक्के झाले. भाजीपाल्यासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तो १९७०-७१ मध्ये. तोपर्यंत खतशिफारशीची भाषा ठरून गेली होती.

७. महाराष्ट्रातील ढोबळी मिरची आणि स्वस्त युरिया

महाराष्ट्रात या भाजीस ढोबळी, भोपळी वा सिमला मिरची अशी नावे आहेत. ‘सिमला’ हे नाव ती थंड हवेच्या डोंगरी भागातून देशात पसरली याची खूण आहे. दीर्घकाळ ‘कॅलिफोर्निया वंडर’सारखे परदेशी सरळ वाण प्रचारात होते. १९७० च्या दशकात बंगळूर येथून ‘भारत’ हा संकरित वाण बाजारात आला आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने पुढे ‘अर्का’ मालिकेतील वाण दिले. शहरांतील उपाहारगृहांची मागणी वाढली तशी पुणे, नाशिक, सातारा या जिल्ह्यांत या पिकाची लागवड वाढली.

याच काळात खताची उपलब्धता व किंमत झपाट्याने बदलत होती. तुर्भे येथील कारखान्यात १९६५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७८ मध्ये तो राष्ट्रीय केमिकल्स ॲण्ड फर्टिलायझर्सकडे आला. अलिबागजवळील थळ येथे मुंबई हायच्या नैसर्गिक वायूवर आधारलेला युरियाचा मोठा प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला. मराठे समितीच्या शिफारशीनुसार १९७७ च्या नोव्हेंबरपासून धारण किंमत योजना लागू झाली होती. कारखान्याला उत्पादनखर्च भरून मिळावा आणि शेतकऱ्यास खत ठरावीक स्वस्त दराने मिळावे, हा तिचा हेतू होता. देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांचा एकत्रित वापर १९५० च्या दशकारंभी सुमारे ०.७ लाख टन होता, तो १९९१-९२ मध्ये सुमारे १२७ लाख टनांवर गेला.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये निर्णायक वळण आले. स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठविण्यात आले आणि युरियाची किंमत मात्र दहा टक्क्यांनी कमी करण्यात आली. परिणामी नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे देशातील गुणोत्तर १९९१-९२ मधील ५.९ : २.४ : १ वरून एका वर्षात ९.५ : ३.२ : १ इतके बिघडले. आदर्श म्हणून सांगितले जाणारे ४ : २ : १ हे गुणोत्तरही मुळात धान्यपिकांना समोर ठेवून आलेले आहे. नत्रापेक्षा पालाश अधिक उचलणाऱ्या ढोबळी मिरचीला ते लागू पडत नाही. २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याबाहेरच ठेवण्यात आला. २०१५ पासून सर्व देशी युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. २०१८ पासून पोते पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोचे झाले. शेतकऱ्याला द्यावी लागणारी किंमत मात्र पोत्यामागे तीनशे रुपयांच्या आतच राहिली आहे.

या किंमतीचा खतचाचणीच्या निष्कर्षाशी संबंध आहे. सर्वाधिक उत्पादन देणारी मात्रा आणि सर्वाधिक निव्वळ नफा देणारी मात्रा या दोन भिन्न गोष्टी होत. खत महाग असेल तर दुसरी मात्रा पहिलीपेक्षा बरीच कमी निघते; खत जवळजवळ फुकट असेल तर दोन्ही एकमेकींना भिडतात. युरिया स्वस्त असल्याने कमाल उत्पादनाची मात्राच शिफारस म्हणून स्वीकारताना संशोधकास काही वावगे वाटले नाही, आणि शेतकऱ्यासही त्याहून मूठभर अधिक टाकताना हात आखडावा लागला नाही. अनुदान, निसटलेले नायट्रेट, कीडनाशकाची वाढीव फवारणी हे खर्च मात्र त्या कोष्टकात कोठेच दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. बागायती पट्ट्यात पिकाला पाणी देणारी विहीर व घराला पाणी देणारी विहीर अनेकदा एकच असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ शेतापुरता उरत नाही.

ठिबक सिंचन व हरितगृह यांनी या चित्रात लक्षणीय बदल घडविला. १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राने ठिबकाला प्रोत्साहन दिले आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानंतर लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीची हरितगृहे वाढली. हरितगृहातील शेतकरी विद्राव्य खते पाण्याबरोबर, पिकाच्या अवस्थेनुसार, थोडी थोडी देतो. ही खते युरियाच्या मानाने कितीतरी महाग असल्याने तो ती ग्रॅममध्ये मोजतो आणि नायट्रेट, कॅल्शियम व पालाश यांचा मेळ पाहतो. क्राउस, क्रेबिल व कॉकरन यांच्या काळापासून विज्ञानाला ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने आपल्या शेतात प्रत्यक्ष उतरली, ती बऱ्याच अंशी खताच्या किंमतीमुळे. तंत्र तेच ठिबकाचे असूनही उघड्या शेतात स्वस्त युरिया सोडताना तितकी मोजदाद होतेच असे नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘हेक्टरी किती किलो नत्र?’ हा प्रश्न गव्हाच्या शेतात जन्मला, धान्यटंचाईने त्याला राष्ट्रीय महत्त्व दिले आणि किंमत धोरणाने त्याचे उत्तर वरच्या बाजूस झुकविले. दुसरी, फळभाजीच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे, हे ज्ञान १९१८ ते १९३६ या काळातच उपलब्ध झाले होते. तिसरी, नत्राचा विचार सेंद्रिय पदार्थ व इतर अन्नद्रव्ये यांच्या प्रमाणात करण्याची परंपरा आपल्याकडेही होती. इंदूर पद्धती हे तिचे शास्त्रशुद्ध रूप होय.

याचा अर्थ रासायनिक नत्रखत टाकाऊ आहे, असा नव्हे. त्याच्याविना १९६० नंतरच्या भारताचे पोट भरले नसते, आणि नत्राविना ढोबळी मिरचीचे झाडही उभे राहत नाही. प्रस्तुत लेखकाचा आग्रह चाचणीच्या आखणीविषयी आहे. महाविद्यालयांतून होणाऱ्या चाचण्या लहान असतात, त्यांना निधी तुटपुंजा असतो. पण त्यांच्या नोंदींतूनच पुढे पुस्तिकेतील शिफारशीला आधार मिळतो. म्हणून अशा प्रत्येक चाचणीत नत्राच्या पायऱ्यांबरोबर लागवडीपूर्वीचे माती परीक्षण, हंगामातील तापमान, नत्राचे रूप व हप्ते, शेणखत वा कंपोस्टाची जोड आणि फुलगळीचे प्रमाण नोंदविले जावे. निव्वळ नफ्याचा हिशेब अनुदानित व विनाअनुदान अशा दोन्ही दरांनी मांडावा. जवळच्या विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट हंगामाच्या आधी व नंतर तपासण्यास रसायनशास्त्र विभागाचे साहाय्य सहज मिळू शकते. अशा नोंदी दहा-पंधरा महाविद्यालयांनी पाच वर्षे ठेवल्या, तर ढोबळी मिरचीसाठी गव्हाच्या वाटेने न आलेली, या पिकाची व या प्रदेशाची अशी शिफारस करणे शक्य होईल.